पलंगाखाली मगर

(मंडळाच्या मराठी शाळेच्या पालकसभेत केलेलं भाषण, छापण्यासाठी थोडं आवरून)



मला दिलेला विषय होता 'लहान मुलांची पुस्तकं'. वेळ पंचवीस मिनिटं, आणि मागे बटाटेवड्यांचा वास सुटलेला. अशा परिस्थितीत सगळ्या बालवाङ्मयाचा आढावा घेण्यापेक्षा मी एकच पुस्तक पिशवीत घालून आणलं आहे. हे बघा. पिवळं कुत्र्याचं पिल्लू, अंगावर तपकिरी ठिपका, शेपटीचं टोक तपकिरी. ज्यांची मुलं इथल्या नर्सरीत गेली आहेत त्यांनी लगेच ओळखलं असेल. 'व्हेअर्स स्पॉट?', लेखक आणि चित्रकार एरिक हिल, प्रथम प्रकाशन १९८०.

गोष्ट सांगायला अर्धं मिनिट पुरतं. सॅली म्हणजे आई. जेवायची वेळ झाली आहे आणि स्पॉटची थाळी भरलेलीच आहे. पोरगं गायब! मग ती घरभर शोधत फिरते. दारामागे आहे का? दार उघडलं की मध खाणारं अस्वल. मोठ्या घड्याळात? साप. पियानोत? पाणघोडा. जिन्याखाली सिंह, कपाटात माकड, पलंगाखाली मगर, खोक्यात तीन पेंग्विन. गालिच्याखाली काहीतरी हलतंय, तर ते कासव, आणि ते म्हणतं की टोपलीत बघा. टोपलीत स्पॉट. मग जेवण. संपलं.

दार, घड्याळाचं दार, पलंगावरची चादर, टोपलीचं झाकण, हे सगळं कागदाचं आणि उचलता येणारं आहे. इंग्रजीत त्याला 'फ्लॅप' म्हणतात. मी आपला 'झडप' शब्द वापरते. मुलं त्याला 'उघड' म्हणतात. "आजी, ते उघड कुठंय?" हे नाम त्यांनीच तयार केलं आहे आणि मला ते झडपेपेक्षा आवडतं.

आता यात हसण्यासारखं काय? मोठ्या माणसाला वाटतं, घड्याळात साप निघाला हा विनोद. दोन वर्षांच्या मुलाला त्याचं फारसं काही वाटत नाही. त्याच्या दृष्टीने घड्याळात साप असणं आणि वॉशिंग मशीनमध्ये मोजे असणं यात फार फरक नसतो. त्याला हसू येतं ते आईचं. कपाट उघडून माकड बघितलं तरी ही बाई किंचाळत नाही, पोलिसांना बोलवत नाही, पुढच्या खोलीत जाऊन शांतपणे पलंगाखाली बघते. आणि दुसऱ्या वाचनापासून तर मुलाला उत्तर ठाऊक असतं. आईला ठाऊक नसतं! घरात सगळं मोठ्यांना माहीत आणि आपल्याला काहीच नाही, अशी ज्याची रोजची अवस्था, त्याला इथे पहिल्यांदा मोठ्यांपेक्षा जास्त कळतं. म्हणून तो तेच पुस्तक रोज रात्री चार वेळा मागतो आणि आपण कंटाळतो.

दुसरी गंमत 'नाही'ची. प्रत्येक झडपेखालचा प्राणी एकच शब्द बोलतो: नाही. दोन वर्षांच्या मुलाचा आवडता शब्द कोणता, हे मी या सभेत सांगायला नको. दिवसभर त्या शब्दासाठी तो बोलणी खातो. इथे मात्र 'नाही' हेच बरोबर उत्तर आहे, आणि जितक्या जोरात ओरडावं तितकं शाबास!

हे पुस्तक सुचलं कसं, तेही थोडक्यात सांगते. एरिक हिल यांचा जन्म लंडनचा, १९२७ सालचा. शाळा लहान वयातच सुटली. चित्रकारांच्या स्टुडिओत निरोप्याचं काम करत करत ते व्यंगचित्रं काढायला शिकले आणि पुढे जाहिरातींची चित्रं करू लागले. १९७६ साली ते एका जाहिरात-पत्रकावर काम करत होते. त्याला एक उचलायची घडी होती, वर एक चित्र, खाली दुसरं. त्यांचा लहान मुलगा ते पत्रक सोडीचना. उचल, पाड, उचल, पाड. तेव्हा हिलनी त्याला झोपताना वाचायला म्हणून घरच्या घरी एक उघडझापीची गोष्ट करून दिली. छापायचा विचार नव्हता. ती बाहेर यायला चार वर्षं गेली. पुढे मालिकाच झाली, बीबीसीवर १९८७ साली कार्टून आलं, मालिकेच्या ६ कोटींहून अधिक प्रती खपल्या आणि ६०हून अधिक भाषांत ती गेली. हिल नंतर अमेरिकेत स्थायिक झाले, २००८ साली त्यांना ओबीई मिळाला, २०१४ साली ते गेले.

उचलायची घडी ही काही त्यांची कल्पना नव्हे. वेसालियसच्या १५४३ सालच्या शरीररचनेच्या चित्रांतसुद्धा कागद उचलून आतले अवयव बघण्याची सोय होती. लंडनच्या रॉबर्ट सेयर नावाच्या चित्रविक्रेत्याने १७६५च्या सुमाराला घडी वर-खाली केली की चित्र बदलतं अशी छोटी पुस्तकं विकायला काढली. हिलनी वेगळं केलं ते असं. त्यांच्या पुस्तकात झडप हा चित्रावर चिकटवलेला चौकोन नाही. झडप म्हणजेच दार, झडप म्हणजेच चादर. दार जसं बाजूला उघडतं तशी दाराची झडप बाजूला उघडते, चादर जशी वर उचलतो तशी ती वर उचलायची. म्हणजे मूल नुसतं पान उलटत नाही, ते खरंच दार उघडतं. आणि भोवती पांढरं मोकळं पान, एकच वाक्य, मोठा ठसा. जाहिरातीत मुरलेला माणूस, नजर कुठे न्यायची ते त्याला पक्कं माहीत.

झाला इतिहास. आता आपल्या कामाचं बोलू.

मी गेली काही वर्षं शाळेत अगदी लहानग्यांचं टेबल सांभाळते. म्हणजे ज्यांची मोठी भावंडं आत बाराखडी गिरवत असतात आणि जे बाहेर बिस्किटं चुरत असतात, ते माझे विद्यार्थी. एकदा हे पुस्तक मी तिथे मराठीत वाचलं आणि लक्षात आलं की हे आपल्या व्याकरणाचं पुस्तक आहे. बिचाऱ्या एरिक हिलना याची कल्पनाही नसेल.

बघा हं. दार, पण दारामागे. जिना, पण जिन्याखाली. खोका, खोक्यात. गालिचा, गालिच्याखाली. घड्याळ, घड्याळात. टोपली मात्र टोपलीत, तिला काही होत नाही. पियानो तर पाहुणाच, तो पियानोत. शाळेच्या पुस्तकात याला सामान्यरूप म्हणतात आणि तिथे पोहोचेपर्यंत मुलं आठ-नऊ वर्षांची होतात. आपल्या इथल्या मुलांचं मराठी नेमकं तिथेच लंगडतं. "बॉल सोफा खाली आहे." "आजोबा जिना वर गेले." शब्द सगळे मराठी, पण सांधे इंग्रजी. 'अंडर द सोफा' मध्ये सोफा बदलत नाही, मग आपल्याकडे का बदलावा? तीन वर्षांच्या मुलाला तुम्ही कारण सांगू शकत नाही. पण "सोफ्याखाली आहे का?" हा प्रश्न त्याने शंभर वेळा ऐकला, आणि प्रत्येक वेळी त्या प्रश्नानंतर काहीतरी मजेदार बाहेर आलं, तर त्याला कारण लागत नाही. इंग्रजी मजकूर चिकटून राहिला तरी चालेल, प्रश्न मराठीत विचारा. एवढंच.

पुढची पायरी: झडप उघडली की विचारायचं, "कोण निघालं?" अस्वल निघालं. साप निघाला. मगर निघाली. तिन्ही लिंगं एका बैठकीत! इंग्रजीत सगळं 'इट'. आपली मुलं मग काय करतात, तर सगळ्यांना 'तो' करून टाकतात. तो मगर, तो आजी. (हसू नका, आजीला 'तो' म्हणणारी दोन मुलं आत्ता या हॉलमध्ये पळताहेत.) चार्ट लावून हे येत नाही. मी चार्ट लावलेले वर्ग बघितले आहेत. मुलं चार्टकडे बघतात आणि त्यावरची माशी मोजतात.

आणि ते 'नाही'. इंग्रजी 'नो' एकटा सगळी कामं करतो. आपल्याकडे नाही वेगळं, नको वेगळं. इथल्या घरांत मुलाच्या कानावर जास्त पडतं ते 'नको'. तिकडे जाऊ नको, हात लावू नको, आणि त्याचं स्वतःचं, भाजी नको. म्हणून माझ्या टेबलावर पहिल्या दिवशी "स्पॉट दारामागे आहे का?" विचारलं की अस्वलाच्या वतीने उत्तर येतं, "नको!" जणू अस्वलाला कोणी स्पॉट वाढत होतं. आपण दुरुस्त करायचं नाही. आपण अस्वलाच्या जाड आवाजात "नाऽऽही" म्हणायचं. तिसऱ्या पानापर्यंत सगळं टेबल 'नाही' म्हणू लागतं.

माझ्याकडे एक मुलगी यायची. सव्वादोन वर्षांची. आई-बाबा दोघं मराठी, घरात मराठी, पण ही नर्सरीत जाऊ लागल्यापासून मराठीत एक अक्षर बोलेना. समजायचं सगळं. उत्तर इंग्रजीत, नाहीतर मान हलवून. आई माझ्याकडे येऊन म्हणाली, "काकू, हिचं मराठी गेलं हो." माणूस गेल्याचं सांगावं तसं. मी तिला एवढंच म्हटलं की गेलेलं नाही, कुठेतरी लपलं असेल. पाच-सहा रविवार ती पोरगी नुसती झडपा उघडत होती, तोंड मिटून. मग एकदा मी मुद्दाम पुस्तक घाईत वाचलं आणि पेंग्विनांचं पान गाळून पुढे गेले. तिने माझा हात धरला, पान मागे उलटलं आणि म्हणाली, "खोक्यात!" 'खोका मध्ये' नाही. खोक्यात. तिची आई तेव्हा आत चहा गाळत होती. तिला बोलावून आणलं तर बाईसाहेब पुन्हा गप्प! मुलं प्रयोग करून दाखवत नसतात, ते बरंच आहे.

याचा अर्थ पुस्तकाने जादू केली असं मी म्हणणार नाही. सहा आठवडे ती ऐकत होती, ते साठत होतं. पुस्तकाने फक्त बोलायला जागा करून दिली. बोललं नाही तरी झडप उघडते, त्यामुळे कोणी तिला "बोल ना गं, बोल ना" म्हणून छळत नव्हतं. आपण सगळे हे छळण्याचं काम मनापासून करतो, विशेषतः पुण्याहून फोन आला की.

नावाचा प्रश्न मजेदार आहे. इंग्रजांकडे 'स्पॉट' हे कुत्र्याचं नाव म्हणजे आपला मोत्या. भाषांतरात बऱ्याच देशांनी नाव बदललं. डचांनी त्याला ड्रिबल केलं. वेल्शमध्ये तो स्मॉट. पोर्तुगीजमध्ये बोलिन्या, म्हणजे छोटा चेंडू. आमच्या टेबलावर यावरून रणं माजली. एका आजोबांचं मत मोत्या. पण मोत्या पांढरा असायला हवा ना! एकांचं खंड्या. मला ठिपक्या आवडलं होतं, शब्दशः भाषांतर म्हणून नव्हे, तर 'ठ' म्हणायला मुलांना मजा येते म्हणून. मुलांनी मात्र स्पॉटच ठेवलं. सोमवारी नर्सरीत तोच स्पॉट भेटतो, त्याचं नाव रविवारी वेगळं कसं असेल? त्यांचं म्हणणं मला पटलं. आपली मुलंही दोन्हीकडे एकाच नावाने जातात, उच्चार तेवढा बदलतो.

सॅलीचं मात्र आजीमंडळींनी परस्पर ठरवून टाकलं. 'सॅली ही कुत्री' असं वाचायला एकही आजी तयार होईना, मुलांनी ते बाहेर कोणाला म्हटलं तर काय घ्या. म्हणून ती 'आई' झाली. मगरीची झाली 'सुसरबाई'. पाणघोड्याला काही पालक हिप्पोच म्हणा म्हणत होते. पण मुलांना पाणघोडा हवा असतो, कारण तो घोडा नसतो. पेंग्विनला मराठी शब्द शोधायच्या भानगडीत मात्र पडू नका. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली पेंग्विन आले, तेही पेंग्विन म्हणूनच आले.

आता आजींबद्दल. सहा महिन्यांच्या व्हिसावर येणाऱ्या आज्या हा आपल्या भाषेचा इथला सर्वांत मोठा साठा आहे आणि आपण तो टीव्हीसमोर बसवून ठेवतो. नातवंड पुस्तक घेऊन येतं, आजी म्हणते, "मला नाही बाई इंग्रजी वाचता येत, आईला सांग." झालं! मूल शिकलं की पुस्तक हे आईचं, आजीचं नव्हे. या पुस्तकात वाचायला लागतच नाही. सगळं चित्रात आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला चित्रकथी आहेत. एकेक चित्र समोर धरायचं आणि गोष्ट तोंडाने सांगायची. चित्रावर अक्षर नसतं, शब्द सांगणाऱ्याचे. आजीने तेच करायचं. अहो, पदराआड तोंड लपवून 'कुक' आणि पदर काढून 'भॉक' करणारी बाई ती, तिला झडप कशी वापरायची हे कोणी शिकवायचं?

काही पालकांचा आक्षेप मला ठाऊक आहे, मागच्या सभेत तो झालाही. मराठी शाळेत इंग्रजांचं पुस्तक का? मराठी पुस्तकं नाहीत का? आहेत, चांगली आहेत, आपल्या कपाटात आहेत, ती न्या. पण मराठीला मुलाच्या आयुष्यात वेगळी खोली देऊन तिचं दार लावून घ्यायचं, हे मला मान्य नाही. जे पुस्तक त्याचं आधीच लाडकं आहे त्यात मराठी शिरली पाहिजे. मूल मराठीकडे येण्याची वाट बघण्यापेक्षा मराठीने त्याच्या पलंगाखाली जाऊन बसावं. इथे बर्मिंगहॅममध्ये १९९२ साली 'बुकस्टार्ट' सुरू झालं, तीनशे बाळांना पुस्तकं देऊन. बाळांना! त्यांना कळतं की पुस्तकाची ओळख मांडीवर व्हावी लागते. आणि आपण मुलांना शाळेत घेतो पाचव्या वर्षी, जेव्हा त्यांची उत्तरं इंग्रजीत पक्की झालेली असतात. म्हणून कार्यकारिणीकडे मी अर्ज केला आहे: दर रविवारी मुख्य वर्गांआधी अर्धा तास, पाचच्या आतल्या मुलांसाठी, सोबत आई, बाबा, आजी, आजोबा, जो कोणी मांडी देईल तो. खर्च शून्य. हॉल तसाही सव्वादहाला उघडतो आणि आपण अकरापर्यंत खुर्च्याच लावत असतो.

शेवटचं, आणि मग वडे. आपली घडीची पुस्तकं आपणच करायची आहेत. हा नमुना बघा. हे लांबलचक उलगडतं, आपल्या पंख्यासारखं. या प्रकाराला 'लेपोरेलो' म्हणतात. मोत्सार्टच्या १७८७ सालच्या ऑपेरात लेपोरेलो नावाचा नोकर असतो, तो आपल्या धन्याच्या प्रेयसींची घडी घातलेली यादी उलगडून दाखवतो, ती संपतच नाही. मुलांना हा भाग सांगायचा नाही.

ए-थ्री आकाराचा जरा जाड कागद घ्या. लांबीला समांतर मधोमध कापा, दोन पट्ट्या झाल्या. प्रत्येक पट्टीच्या चार घड्या, एक पुढे एक मागे. प्रत्येक पान पोस्टकार्डाएवढं होतं. दोन पट्ट्या जोडल्या की आठ पानं. पहिल्या पानावर कोण हरवलंय ते, शेवटच्या पानावर सापडलं ते, मधे सहा जागा. जागा तुमच्या घरातल्या घ्या. फ्रिजमध्ये? जिन्याखालच्या कपाटात? बाबांच्या बुटात? आजीच्या सूटकेसमध्ये? कुत्राच हवा असं नाही, आमच्या गटात एकाने हरवलेला टीव्हीचा रिमोट केला आहे आणि त्याला सर्वांत जास्त मागणी आहे. चित्र येत नाही म्हणू नका. मुलं चित्राला मार्क देत नाहीत, झडप उघडते का एवढंच बघतात.

दोन सूचना. झडप सिरीयलच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची करा, पातळ कागदाची एका दुपारीत फाटते. आणि बिजागरीला साधी सेलोटेप नको, ती पिवळी पडून सुटते; कापडी टेप आणा. कात्र्या माझ्याकडे आहेत.